बाळाच्या झोपेसाठी सल्लागार: पैसे मोजावेत की नाही?

“सात रात्रींत बाळ रात्रभर झोपेल.” अशा जाहिराती आता विदर्भात दारव्हा, आर्वी, ब्रह्मपुरीकडच्या आयांच्या मोबाइलवरही येऊ लागल्या आहेत. हसरा फोटो, नावाखाली ‘सर्टिफाइड स्लीप कन्सल्टंट’ आणि काही हजारांपासून सुरू होणारी पॅकेजेस. आठ महिन्यांचं लेकरू रात्रीतून पाचदा उठत असेल, तर पहाटे साडेतीनला ती रक्कम फार वाटत नाही. तोच हिशेब सकाळी चहा झाल्यावर करून पाहू.

हे सल्लागार नेमकं करतात काय? आधी एक लांबलचक फॉर्म भरून घेतात: बाळ कधी उठतं, काय खातं, कुठे झोपतं, कोणाजवळ झोपतं. मग व्हिडिओ कॉलवर बोलणं होतं, बाळाचं वेळापत्रक ठरतं आणि पुढचे दोनेक आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर विचारपूस चालते. आपल्याकडे या कामाला परवाना लागत नाही. डॉक्टर-नर्सची जशी कौन्सिलकडे नोंदणी असते, तशी यांची कुठेच नसते. यांच्यात अनुभवी नर्स आहेत, मानसशास्त्र शिकलेल्या बाया आहेत, आणि काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून बसलेल्याही आहेत. प्रमाणपत्र पाहून यातलं कोण कोणतं, ते कळत नाही.

तुमच्या पैशांत दोन गोष्टी येतात. एक, झोपेची माहिती. दुसरी, ती माहिती अमलात आणताना पाठीशी उभं राहणारं माणूस. माहितीत गुपित काही नाही. कामापुरती ती पुढे येतेच. खरी किंमत आहे ती दुसऱ्या गोष्टीला. आणि माझं मत आधीच सांगते: विदर्भातल्या खेड्यातल्या बहुतेक घरांना ही सोबत फोनवरून विकत घ्यायची गरज नाही. काही घरांना मात्र आहे.

लेकरू रात्री उठतं, त्यात बिघाड नसतो

झोप एकसंध नसते. हलकी, गाढ, स्वप्नांची असे तिचे फेरे चालतात. मोठ्या माणसाचा एक फेरा साधारण ९० मिनिटांचा, तान्ह्या बाळाचा ५० ते ६० मिनिटांचा. फेरा संपला की आपण सगळेच क्षणभर जागे होतो, कूस बदलतो, वाकळ ओढतो आणि परत झोपतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. बाळही तसंच जागं होतं. फरक एवढाच, की झोप लागताना जवळ जे होतं, तेच त्याला आता पुन्हा हवं असतं. झोळीत हेलकावे घेत झोपलेलं बाळ मध्यरात्री बाजेवर जागं झालं, तर त्याला हेलकावा पाहिजे. दूध पिता पिता झोपलेल्याला छाती पाहिजे. ते मिळेपर्यंत रडणं. झोपेच्या सल्ल्यातला निम्मा भाग एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे.

उरलेला निम्मा दोन जोरांचा आहे. पहिला जोर जागेपणाचा. सकाळी उपसलेली विहीर दिवसभर झिरपून सांजेपर्यंत भरते, तशी जागेपणी झोपेची ओढ साठत जाते. दुपारी साडेचारला बाळ दोन तास झोपलं की ती पुन्हा उपसली जाते, आणि रात्री नऊला कितीही थोपटलं तरी हाती काही लागत नाही. दुसरा जोर शरीरातल्या घड्याळाचा. ते उजेडावर चालतं आणि जन्मतः तयार नसतं. साधारण दोन ते चार महिन्यांच्या काळात बसतं. त्यामुळे दीड महिन्याच्या बाळाला दिवस-रात्र शिकवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. दिवसा दार-खिडक्या उघड्या, रात्री दिवा मंद, एवढं घरच्यांनी केलं की बाकीचं आपोआप होतं.

झोप किती लागते, याचे आकडे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिले आहेत. ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३. यात दिवसाची झोप धरलेली आहे. पुष्कळ आया फक्त रात्रीचे तास मोजतात आणि उगाच घाबरतात.

मग ‘रात्रभर झोप’ म्हणजे काय? कॅनडात ३८८ बाळांचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांची ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाची झाली तेव्हाही २८ टक्के झोपत नव्हती. आणि झोपणाऱ्या व न झोपणाऱ्या बाळांच्या विकासात काही फरक दिसला नाही. जाहिरातीतली ‘समस्या’ पुष्कळदा एवढीच असते, की बाळ बाळासारखं वागतं आहे.

रडू देण्याची पद्धत आणि एका खोलीचं घर

पॅकेज कुठलंही घ्या, त्यातली गाजलेली पद्धत एकच. बाळाला पेंगुळलेलं पण जागं असताना अंथरुणावर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. रडलं तर तीन मिनिटांनी जाऊन थोपटायचं, पुढच्या वेळी पाच मिनिटांनी, मग दहा. उचलायचं नाही. काही रात्रींत बाळ आपलं आपण झोपायला शिकतं.

ही पद्धत थोतांड नाही. २००६ मध्ये अशा उपायांच्या ५२ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. ८० टक्क्यांहून जास्त मुलांची झोप चांगली सुधारली होती. बाळाच्या मनावर परिणाम होतो का, हेही तपासलं गेलं. ऑस्ट्रेलियात ६ ते १६ महिन्यांच्या ४३ बाळांवर झालेल्या २०१६ च्या अभ्यासात ताणाचं हार्मोन वाढलेलं दिसलं नाही, आणि वर्षभराने आईशी असलेल्या ओढीतही फरक नव्हता. अभ्यास लहान आहे, पण मेलबर्नमध्ये झोपेच्या उपायांच्या अभ्यासात घेतलेल्या ३२६ बाळांपैकी २२५ जणांना सहाव्या वर्षी पुन्हा पाहिलं, तेव्हाही उपाय केलेल्यांचं नुकसान आढळलं नाही. फायदाही उरलेला आढळला नाही. हे दुसरं वाक्य जाहिरातीत येत नाही. फायदा आहे तो त्या काही महिन्यांपुरता. थकलेल्या आईला ते काही महिने मोलाचे असतात, हे खरंच. पण मूल हुशार निघेल, शांत स्वभावाचं होईल वगैरे कोणी सांगू लागलं तर ते सोडून द्यावं.

अडचण पद्धतीत नाही, घरात आहे. सतरा देशांतल्या २९ हजारांवर लहान मुलांच्या झोपेची तुलना झाली होती, त्यात भारतही होता. न्यूझीलंडची मुलं सरासरी ७ वाजून २७ मिनिटांनी झोपत होती, हाँगकाँगची १० वाजून १७ मिनिटांनी. आशियात बहुतेक मुलं आईबापांच्या खोलीत किंवा त्यांच्याच अंथरुणात. रडू देण्याची पद्धत वाढली ती संध्याकाळी साडेसातला वेगळ्या खोलीचं दार ओढून घेता येतं, अशा घरांत.

आता ती आपल्या घरात करून पाहा. खोली एक, फार तर दोन. शेजारच्या घराची भिंत सामाईक. पहिल्या रात्री सहाव्या मिनिटाला सासूबाई उठून बसतात: “काहून रडवून रायली वो लेकराले? घे न त्याले.” दहाव्या मिनिटाला सासरे खाकरतात. पंधराव्या मिनिटाला कोणीतरी उचलतंच. त्यांचं चुकतं असंही नाही. रडणाऱ्या लेकराला उचलणं हे त्यांनी आयुष्यभर केलं आहे. पण पंधरा मिनिटं रडल्यावर उचललं, की बाळ एवढंच शिकतं की पंधरा मिनिटं रडावं लागतं. उद्या ते वीस मिनिटं रडेल. घर एकमताचं नसेल तर ही पद्धत सुरूच करू नये. अर्धवट केली तर रडणं वाढतं.

एकत्र कुटुंबात जमण्यासारखी दुसरी रीत आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या ४३ बाळांच्या त्याच अभ्यासात तीही तपासली गेली. बाळाला खरी झोप कितीला लागते ते तीन-चार दिवस पाहून ठेवा. समजा साडेदहा. मग साडेआठपासून दोन तास झुलवत बसण्यात अर्थ नाही. त्याला साडेदहालाच अंथरुणावर न्यायचं. सकाळी मात्र ठरलेल्या वेळी, समजा साडेसहाला, उठवायचं. रात्र कितीही वाईट गेली तरी. बाळ पंधरा-वीस मिनिटांत झोपू लागलं की वेळ दर दोन-तीन रात्रींनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची. रडारड जवळजवळ होत नाही, आजीचा विरोध होत नाही, आणि खर्च काही नाही. मला सांगायचं झालं तर मी हीच रीत सांगेन.

जोडीला झोपण्याआधीचा ठरलेला क्रम. २००९ च्या एका अभ्यासात ४०५ आयांपैकी काहींना रोज रात्री अंघोळ, मालीश आणि मग शांत वेळ असा क्रम पाळायला सांगितला. दोन आठवड्यांत त्यांच्या मुलांची झोप सुधारली. (या अभ्यासाला पैसा बाळांचं तेल-साबण बनवणाऱ्या कंपनीचा होता, हे लक्षात ठेवून वाचावं. पण क्रम पाळल्याने मूल शांत होतं, हे इतरत्रही दिसलेलं आहे.) आपल्याकडे तेल-पाणी सकाळी होतं. तेच आठवड्याभरासाठी संध्याकाळी करून पाहायला हरकत नाही. तेल कोणतंही चालेल.

शहरातलं वेळापत्रक वावराच्या घरात

कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच वावरात जाते. लेकरू आजीजवळ. आजी स्वयंपाक, गाई-ढोरं यातून मोकळी होते दुपारी, तेव्हा लेकराला झोळीत टाकते. तेही आरामात पाच वाजेपर्यंत झोपतं, कारण त्याशिवाय आजीचा हात मोकळा होत नाही. रात्री बाळ साडेअकरापर्यंत खेळतं आणि आई, जी पहाटे पाचला उठलेली असते, रडकुंडीला येते. या घरातली रात्रीची अडचण दुपारी सुटते. झोळी चारच्या आत रिकामी झाली पाहिजे. आणि ती रिकामी करणार आजी. म्हणजे आजी बोलण्यात नसेल तर कोणत्याही सल्लागाराची फी वाया गेली समजा.

बापाचंही तसंच. शेतीपंपाची लाइन रात्रीची असली की तो ओलीत करायला रात्री निघतो. दार उघडतं, बॅटरी लागते, कुत्री भुंकतात. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. शरीर थोडं थंड झाल्याशिवाय झोप लागत नाही, बाळालाही. त्यात लाइट गेली आणि कूलर बंद पडला, तर सल्लागाराचं वेळापत्रक काय करणार? झोपेची कोणतीही नवी सवय उन्हाळ्यात लावायला घेऊ नका. पावसाळा सरला की घ्या.

शहरातले सल्लागार एक सल्ला सर्रास देतात: गादी जमिनीवर टाका, म्हणजे बाळ पडणार नाही. खेड्यात पावसाळ्यात हा सल्ला मानू नका. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि चावल्याचं कळतही नाही. बाजेवर, चारही बाजूंनी खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणं बरं. आईजवळ झोपवायचं असेल तर बाळ पाठीवर, अंथरूण घट्ट, तोंडाजवळ उशी-दुलई नको. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवतात, तीही नको. त्या अंथरुणात दारू प्यालेलं, विडी ओढणारं किंवा झोपेची गोळी घेतलेलं माणूस नसावं. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर त्याचं अंथरूण आईच्या शेजारी पण वेगळं.

सल्लागाराच्या आधी दवाखाना

झोप न येण्यामागे कधी कधी आजार असतो, आणि आपल्या भागात त्याची शक्यता जाहिरातीतल्या घरांपेक्षा जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची आढळली. शरीरात लोह कमी पडलं की मुलं झोपेत पाय झाडतात, चुळबुळ करतात, पुन्हा पुन्हा उठतात. अशा मुलाला वेळापत्रक नको, तपासणी आणि लोहाचं औषध हवं. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात हे सिरप आशाताईंकडून आठवड्यातून दोनदा फुकट मिळायला हवं. मिळत नसेल तर मागून घ्या.

दुसरा आजार आपल्याच भागाचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट या सगळ्या पट्ट्यात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सहा महिन्यांनंतर बाळाच्या हातापायांवर अचानक सूज येणं आणि ते दुखून रडणं ही त्याची पहिली खूण असू शकते. अशा बाळाला रडू देऊन झोपायला शिकवणं क्रूर ठरेल. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. सिकल सेल निघालं तर लोहाचं औषध डॉक्टरांना विचारूनच.

रोज घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, झोपेत श्वास अडकणं: कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. अंगणवाडीत मुलांची तपासणी करायला येणाऱ्या सरकारी आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकालाही हे दाखवता येतं, ते पुढे पाठवतात.

वजनाचं विशेष सांगायला हवं. सल्लागार पुष्कळदा रात्रीचं दूध तोडायला सांगतात. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ३६.१ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची होती. सहा महिन्यांच्या आतल्या कुठल्याच बाळाचं रात्रीचं दूध तोडू नये, आणि त्यानंतरही माता-बाल कार्डावर वजनाची रेघ नीट वर जाते आहे का, हे पाहिल्याशिवाय नाही.

आणि औषध घालून झोपवणं मुळीच नको. पूर्वी बाळगोळीतून अफू जायची, आता सर्दी-खोकल्याचं सिरप जातं, कारण त्याने गुंगी येते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित सिरपने लहान मुलांच्या किडन्या निकामी झाल्या; कित्येकांना नागपूरला आणावं लागलं, कित्येक वाचली नाहीत. केंद्र सरकारने तेव्हा पुन्हा बजावलं: दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ही औषधं देऊच नयेत, पाचच्या आत शक्यतो टाळावीत. झोपेसाठी ऑनलाइन मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्याही डॉक्टरांशिवाय नाहीत.

कधी आजारी आई असते. बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, सारखं रडू येतं, बाळाचं करावंसं वाटत नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य आपल्याकडे साधारण पाचातल्या एकीला गाठतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरावर चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं.

सोबत कोण देणार?

प्रशिक्षण घेतलेली बाई घरी येऊन बाळाबद्दल सांगते, ही कल्पना विदर्भाला नवी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी देऊ लागल्या. पुढेही तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना त्यांची भेट असते. झोप हा त्या भेटीचा मुख्य विषय नाही, आणि त्यांच्या अंगावर कामाचं ओझं आधीच जास्त आहे. पण वजन पाहून देणं, कार्ड वाचणं आणि आजीला समजावणं त्यांना जमतं. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. “झोळीतून चारच्या आत काढा न, आजी” हे मोबाइलमधली अनोळखी बाई सांगते आणि गावातली आशाताई सांगते, यात आजी कोणाचं ऐकेल?

तर पैसे कोणी मोजावेत? तालुक्याला बदली होऊन आलेलं शिक्षक किंवा बँकवालं जोडपं, घरात तिसरं माणूस नाही, आईची रजा संपत आली आहे. जुळी बाळं. बाप दूर नोकरीला, आई एकटी. बाळ सहा महिन्यांच्या पुढचं, डॉक्टरांनी ठणठणीत सांगितलेलं, दोन-तीन आठवडे घरच्या घरी मनापासून करून पाहिलं आणि जमलं नाही. अशा घरात कोणीतरी रोज रात्री “आज कसं झालं?” विचारणारं असणं, हेच कामाचं ठरतं. झेपत असेल तर घ्यावं. फक्त महागडं पॅकेज घेण्याआधी एका कॉलची फी भरून पाहावी. ऑटिझम किंवा फिट्स असलेल्या मुलांनी या वाटेला न जाता आरबीएसके पथकामार्फत जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या लवकर निदान-उपचाराच्या केंद्रात जावं.

पहिलं बोलणं बहुधा फुकट असतं, आणि त्यातच सगळं कळतं. त्यांनी बाळाचं वजन विचारलं का? घोरतं का, रक्त तपासलं का, हे विचारलं का? घरात कोण कोण आहे, दुपारी बाळ कोणाजवळ असतं, हे विचारलं का? आजीशी बोलायला तयार आहेत का? यातलं काहीच न विचारता थेट वेळापत्रक आणि खात्री देऊ लागले, तर नको म्हणून फोन ठेवावा. विचारलं, तर फीबद्दल घासाघीस करायला हरकत नाही.